उशाशी बसणारी माणसं

आमच्या पिढीला आजार जन्मासोबत मिळाला आणि त्याचं निदान संसाराला लागल्यावर झालं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेले आम्ही सिकलसेलचे रुग्ण. कुणाला पहिल्या बाळंतपणात रक्त तपासलं तेव्हा कळलं, कुणाला खुबा दुखायला लागून एक्स-रे काढला तेव्हा, तर कुणाला मुलाचा रिपोर्ट हाती आला आणि डॉक्टरांनी आईबापांचंही रक्त मागितलं तेव्हा. तोवर तीस-पस्तीस पावसाळे याच शरीरात काढून झाले होते. आता जिथे सोय आहे तिथे नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतात आणि बाळ पालथं पडायच्या आत घरच्यांना सगळं ठाऊक होतं. आमच्याकडे दुखणं होतं, माहिती नव्हती. यांच्याकडे माहिती आधी येते, दुखणं मागून येतं.

तेव्हा दुखणं उठायचं ते बहुतेकदा रात्री. मांड्या, नडग्या, पाठ, छाती. कधी एक जागा, कधी सगळ्याच. एका माणसाचं दुखणं उठलं की अख्खं घर उठायचं. माय चूल पेटवायची, वीट तापवायची आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पोटरीखाली द्यायची. मोहाच्या बियांचं तेल कोमट व्हायचं, एरंडाचं पान निखाऱ्यावर धरून गुडघ्याला बांधलं जायचं. आजी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची आणि ठसका उठला नाही की दृष्टच होती म्हणायची. भिंतीपलीकडची काकू न बोलावता यायची, कारण कण्हणं तिच्याही घरात ऐकू जायचं. मग उशाशी आणि पायथ्याशी बसलेल्या माणसांच्या गप्पा सुरू व्हायच्या. धानाला काय भाव मिळाला, यंदा मंडईच्या जत्रेला कुठलं नाटक आणायचं, कुणाच्या पोरीचं कुठे जमलं. किती दुखतंय हे कुणी विचारत नसे. पाय दाबणारा हात मात्र थांबत नसे. दुखणाऱ्याला त्या गप्पांतलं निम्मंशिम्मं ऐकू यायचं, आणि उरलेली रात्र तेवढ्यावर निघायची.

आता दुखणं उठलं की आधी आकडा विचारतात. शून्य ते दहा यांत कितीवर आहे? आम्हालाही आता उत्तर देता येतं. कुठली गोळी कधी घ्यायची, पाणी किती प्यायचं, ताप चढला किंवा छातीत दुखून धाप लागली तर वाट न बघता दवाखाना कसा गाठायचा, हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलेलं असतं. शेकायला विजेची पिशवी आहे. ती दहा मिनिटांत तापते आणि तिच्यासाठी कुणाला उठवावं लागत नाही. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी आमची मुलं खोलीचं दार लावून, गोळी घेऊन, पिशवी पाठीखाली सरकवून रात्र काढतात. सकाळी फोनवर सांगतात, "रात्री थोडं दुखत होतं, आता बरं आहे." त्यांचं दुखणं आमच्यापेक्षा लवकर आटोक्यात येतं. पण आमचं दुखणं दहा जणांत वाटलं जायचं, त्यांचं सगळंच्या सगळं त्यांच्याकडे राहतं.

त्या रात्री आठवताना त्यांच्या पुढचे-मागचे दिवसही आठवायला हवेत. आमचे डोळे पिवळे दिसायचे, म्हणून माय-बाबा आम्हाला कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचे. भल्या पहाटे बंडी जुंपायची, भाकरी आणि चटणी फडक्यात बांधायची, नदीकाठी थांबून खायची. आम्हा मुलांना ती जत्राच वाटायची. कावीळ उतरवणारा अंगावरून हात फिरवायचा, चुन्याच्या पाण्यात हात धुवायचा आणि पाणी पिवळं व्हायचं. कधी डोक्यावर वनस्पतीच्या काड्यांची माळ ठेवायचा. ती दिवसागणिक लांबत खाली यायची आणि सगळ्यांना वाटायचं, कावीळ उतरतेय. हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला की चुन्याचं पाणी पिवळं होतं, आणि काड्या सुकल्या की गाठी सैल पडून माळ वाढते, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी गावोगाव करून दाखवलं ते फार पुढे. पोटात डाव्या बाजूला पानथरी वाढून पोट फुगलं तर काही ठिकाणी तापलेल्या विळ्याचे चटके देत. आमच्यातल्या काहींच्या पोटावर ते वण अजून आहेत. ते वणही त्याच माणसांच्या मायेतून आले होते, जी रात्रभर उशाशी बसायची.

आता त्या पिवळेपणाचा हिशेब लावता येतो. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, आमची 10 ते 20 दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतला पिवळा रंग डोळ्यांत उतरतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बदल एवढाच. पण त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात, पेशी कडक होऊन विळ्याच्या आकाराची होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही, आणि ते हाड, ती बरगडी, तो खुबा दुखायला लागतो. थंडी, ताप, दमणूक आणि पाणी कमी पडणं, ही त्याची नेहमीची निमित्तं. हे समजलं तेव्हा आमचं निम्मं बालपण आम्हाला नव्यानं कळलं. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून, डोक्यावर पाऊस घेत परे लावून आलं की त्याच रात्री पाय का धरायचे? हिवाळ्यात झाडीपट्टीतलं नाटक पहाटेपर्यंत उघड्यावर बघून आलं की दोन दिवस अंथरूण का धरावं लागायचं? गरम विटेनं बरं का वाटायचं, हेही कळलं. ऊब द्या, गारठा टाळा, असं डॉक्टर आजही सांगतात. मायेला कारण ठाऊक नव्हतं, पण वीट तिनं योग्य जागी ठेवली होती.

सर्वांत जास्त सलतं ते हे की ज्ञान तेव्हाही होतं, फक्त आमच्या गावापर्यंत येत नव्हतं. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या पेशींचं वर्णन 1910 साली छापलं. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचं दाखवलं. व्हर्नन इंग्रम यांनी 1950च्या दशकात तो नेमका कुठे आहे ते शोधलं. भारतात नीलगिरीतल्या आदिवासींत 1952 साली या पेशी सापडल्या, आणि 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे आमच्यातले कित्येक जन्मायच्या आधीच आमच्या मुलखाच्या आजाराची नोंद लंडनच्या नियतकालिकात झाली होती. ती नोंद आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत यायला आमचं तारुण्य गेलं. तोवर आम्ही संधिवाताच्या गोळ्या खाल्ल्या, रक्तवाढीचं टॉनिक म्हणून गरज नसलेलं लोह प्यायलो, 'अशक्तपणा' म्हणून सलाइनच्या बाटल्या लावून घेतल्या. आता जिल्ह्याच्या गावी सोल्युबिलिटीची चाचणी होते, संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी होतं आणि 'एएस' की 'एसएस' हे कागदावर येतं. 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे ग्रस्त. आमच्या नातवंडांना ही अक्षरं बाराखडीसोबतच कळतात.

तेव्हा शाळेत आम्ही आळशी ठरायचो. कवायतीला मागे राहणारा, पाण्याला सारखा उठणारा, आठवड्यातून दोनदा गैरहजर राहणारा. छड्या खाल्ल्या, वर्गाबाहेर उभे राहिलो. पण घरी कुणीतरी सगळ्या वर्गाच्या वह्या घेऊन यायचं, आणि ओसरीवर बसून मित्र बुडालेला अभ्यास मोठ्यानं वाचून दाखवायचे. आता 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलची नोंद आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, एसटीचा प्रवास मोफत आहे. हे सगळं भांडून मिळालं आहे आणि त्यातलं एकही सोडायचं नाही. एवढंच की बुडालेला अभ्यास आता फोनवर फोटो होऊन येतो. तो काही क्षणांत पोचतो, आणि पोचवणारा घरी येत नाही.

रक्ताची गोष्टही अशीच. तेव्हा नागपूरला रक्त चढवायचं ठरलं की बदली रक्तदाते आणा म्हणायचे. मग गावातले दहा-बारा तरुण पहाटेच्या एसटीत चढायचे. त्यांतल्या निम्म्यांनी सुई कधी पाहिलेली नसायची. रक्त देऊन ती पोरं दवाखान्याच्या आवारात चहा-पाव खायची, संध्याकाळच्या गाडीनं परतायची आणि पुढच्या पोळ्याला "तुझ्यात माझं रक्त आहे" म्हणत पाठीवर थाप मारायची. ज्यांना गाव नव्हतं किंवा गावात माणसं नव्हती, ते पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांकडे जायचे. त्या रक्तातून काय काय शिरेत येत होतं, याचा विचार करायची सोय नव्हती. एचआयव्हीची तपासणी सक्तीची झाली ती 1989च्या सुमारास, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1996च्या निकालानंतर रक्ताची विक्री 1998 पासून बंद झाली. आता सिकलसेलच्या रुग्णाला तपासलेलं रक्त मोफत मिळतं आणि बदली दाता मागायचा नाही असा नियम आहे. दाता कोण हे कळत नाही, कळूही नये. पण पोळ्याच्या दिवशी पाठीवर पडणारी ती थाप आमच्या पिढीबरोबर संपली.

इथवर लिहिताना स्वतःच्याच आठवणींवर शंका येते, आणि ती यायलाच हवी. तेव्हाचं गोड वाटतं, कारण सांगायला उरलो ते आम्हीच. आमच्या घराघरांत एक-दोन भावंडं अशी होती जी तापाच्या एखाद्या रात्री गेली. नजर लागली, बाहेरचं झालं, कुणीतरी करणी केली, असं म्हणून त्यांना पुरलं. मूल जगत नाही म्हणून पुढच्याचं नाव धोंड्या ठेवायचे, दगडी ठेवायचे, म्हणजे मृत्यूला ते नकोसं वाटावं. मुलाचं नाक टोचायचे. दारिद्र्य आणि भीती यांतून आलेल्या त्या रिवाजांतही केवढी माया होती! पण त्या मायेनं कुणी वाचलं नाही. वाचले ते बहुधा दैवानं, म्हणजे ज्यांच्या रक्तात गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहिलं ते. हे हिमोग्लोबिन पेशीला कडक होऊ देत नाही. आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांत त्याचं प्रमाण अनेकदा जास्त असतं, म्हणूनच आमच्यासारख्यांचं निदान तिशीपर्यंत लांबू शकलं. जी भावंडं गेली त्यांना विचारलं असतं, उशाशी दहा माणसं हवीत की एक गोळी, तर त्यांनी काय सांगितलं असतं हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा दोष एकटीच्या माथी जायचा. "हिच्या पोटी पोरं जगत नाहीत" हे वाक्य आमच्या माया आयुष्यभर ऐकत राहिल्या. काही घरांत गावातल्या दुसऱ्याच एखाद्या म्हातारीला चेटकीण ठरवून तिच्या दारावर दगड पडले. आता रिपोर्ट सरळ सांगतो की एक जनुक आईकडून आलं, एक बापाकडून. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के. या हिशेबानं एकटीवरचा आरोप पुसला, पण तो आरोप सोसलेल्या बहुतेक माया तोवर गेल्या होत्या. ज्या होत्या त्यांनी रिपोर्ट हातात घेऊन विचारलं, "म्हणजे माझ्याकडूनबी आलंच ना?" त्यांना सांगायला आमच्याकडे एक खरी गोष्ट होती. जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1949 मध्ये थॅलॅसेमियाच्या संदर्भात तर्क मांडला होता की असे दोष टिकून राहतात, कारण ते मलेरियापासून वाचवतात. 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या सिकलसेल वाहकांत ते दाखवून दिलं. सिकलचं एकच जनुक असलेल्या माणसाला मलेरिया सहजी मारू शकत नाही. आमचा मुलूख जंगलाचा, डासांचा. माये, तुझ्या आज्या-पणज्या हिवतापाच्या साथींतून जगल्या त्या कदाचित याच जनुकामुळे. त्या जगल्या म्हणून आम्ही झालो.

तेव्हा लग्नं पत्रिका बघून ठरायची, नाहीतर मामाच्या शब्दावर. छत्तीस गुण जुळवणारं कुणी रक्त जुळवून बघत नव्हतं, आणि दोन वाहकांची घरं वाजतगाजत एक व्हायची. आता सिकलसेलचं कार्ड आधी बघा असं आम्हीच सांगतो, मेळाव्यांत उभे राहून सांगतो. दोन वाहकांनी लग्न करायचंच ठरवलं तर गर्भाची तपासणी करता येते, हेही सांगतो. यामुळे काही मुलं या दुखण्यापासून वाचतील. पण कार्ड बघून परत गेलेली पाहुणे मंडळीही आम्ही पाहिली आहेत, आणि नुसती वाहक असलेली, एकदाही न दुखलेली मुलगी 'आजारी' म्हणून नाकारलेली पाहिली आहे. तेव्हाच्या अज्ञानानं लग्नं बिनघोर लावून दिली आणि मुलं गमावली. आताच्या अर्धवट ज्ञानानं मुलं वाचतात आणि मुली दुखावतात. पूर्ण ज्ञान अजून यायचं आहे.

औषधाच्या बाबतीत मात्र तेव्हा आणि आता यांची तुलनाच नको. हायड्रॉक्सियुरिया ही मुळात कर्करोगाची गोळी. ती गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवते, आणि 1998 मध्ये अमेरिकेत प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी मान्य झाली. वरचेवर रक्त तपासत राहिलं आणि रोज फॉलिक अ‍ॅसिडसोबत ती घेतली की दुखण्याच्या रात्री कमी होतात. आमच्यातल्या कित्येकांनी पहिला पूर्ण हिवाळा दुखल्याशिवाय काढला तो पन्नाशीत. 2023च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक संपादनाच्या उपचाराला परवानगी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे, आमच्या गावाच्या हिशेबात न बसणारी. त्याच वर्षी 1 जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 7 कोटी लोकांची तपासणी करायची, आणि 2047 पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यायचा नाही. तपासणीचा वयोगट आहे 0 ते 40. आम्ही त्या ओळीच्या पलीकडे गेलो आहोत. रोष नाही, मुलांपासूनच सुरुवात व्हायला हवी. पण चाळिशीपलीकडे अजून कितीतरी माणसं 'वात आहे' म्हणत कण्हत बसली असतील, त्यांच्याही दारी कुणीतरी जावं.

कधीकधी आम्ही जुने लोक दवाखान्यात भेटतो. पूर्वी केसपेपरची रांग सकाळभर चालायची. त्या रांगेत डबे उघडायचे, कुणाच्या गावची जांभळं, कुणाच्या घरचं लोणचं फिरायचं. कुठला डॉक्टर समजून घेतो, कुठली नर्स शीर पटकन शोधते, ही माहिती त्या रांगेतच मिळायची. आता टोकन मिळतं, नंबर पडद्यावर येतो, अर्ध्या तासात माणूस बाहेर. दुखऱ्या पायावर चार तास उभं राहणं वाईटच होतं. त्या रांगेसाठी हळहळणाऱ्यानं तिथे एकदा पुन्हा उभं राहून बघावं. तरीही एसएस रिपोर्ट पहिल्यांदा हातात घेऊन भेदरलेला एखादा तरुण दिसला की वाटतं, हा अर्ध्या तासात घरी जाईल. पन्नास-साठ वर्षं या आजारासोबत काढता येतात, हे त्याला सांगणारा म्हातारा त्याला भेटणारच नाही.

आम्हाला जुने दिवस परत नकोत. कावीळ उतरवणारा नको, तापलेला विळा नको, विकतचं रक्त नको, धोंड्या नावाची बाळं नकोत. आम्हाला फक्त एक गोष्ट वाचवायची आहे, आणि ती वाचवायला पैसा किंवा प्रयोगशाळा लागत नाही. तेव्हा औषध नव्हतं, म्हणून माणसं बसायची. आता औषध आहे, म्हणून माणसांनी उठून जावं असं कुठे लिहिलेलं नाही. नव्या पोरापोरींना आमचं सांगणं इतकंच आहे. गोळी चुकवू नका, पाणी पीत राहा, लग्नाआधी रक्त तपासा, ताप अंगावर काढू नका. आणि रात्री दुखणं उठलं तर खोलीची कडी काढा आणि शेजारच्याला, मित्राला, बायकोला, नवऱ्याला, जो असेल त्याला उठवा. त्याची झोपमोड होईल, होऊ द्या. आमच्यासाठी अख्खी घरं जागली आहेत, आणि तेवढा हक्क तुमचाही आहे.